एरंडेल, पीसीबी आणि सातपाटीचे पापलेट

तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झाले. सातपाटीपासून ते फार लांब नाही. वीज म्हटली की लोक तांब्याबद्दल बोलतात; उच्च दाबाची वीज आवरून धरणाऱ्या तेलाची आठवण कुणाला होत नाही.

विजेची पहिली साठवण झाली 1745-46 मध्ये, लायडनच्या काचेच्या बरणीत. टेस्लाने 1899 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला खनिज पाण्याच्या बाटल्यांत मिठाचे पाणी भरून कपॅसिटर बनवले. अशा घरगुती कपॅसिटरचा शत्रू म्हणजे अडकलेली हवा. दाब वाढला की ती फुटते, कडांवर ठिणग्या दिसतात आणि कागद किंवा प्लास्टिक जळते. म्हणून त्या जागी तेल भरायचे.

पण कोणते? आपले एरंडेल इथे भाव खाऊन जाते. त्याचा विद्युतपारकता गुणांक साधारण 4.5, तर खनिज ट्रान्सफॉर्मर तेलाचा 2.2. झटक्यात वीज सोडणाऱ्या कपॅसिटरांत ते वापरले गेले आहे. मात्र ते चिकट असते आणि ओल धरते. जवसाचे तेल हवा लागली की वाळून घट्ट होते. ओल हाच सगळ्यांचा काळ: आयएस 335 या भारतीय मानकानुसार नव्या खनिज तेलाने 2.5 मिलिमीटर फटीत किमान 30 किलोव्होल्ट सोसले पाहिजेत, पण थोडे पाणी शिरले की ती ताकद झपाट्याने घसरते. सातपाटीच्या दमट हवेत उघडे ठेवलेले तेल किती दिवस टिकेल?

मग 1929 पासून अमेरिकेत पीसीबी कारखान्यात बनू लागले. सहजी न पेटणारे तेल! जगभरच्या कपॅसिटरांत ते गेले. 1968 मध्ये जपानात ते गळून तांदळाच्या कोंड्याच्या खाद्यतेलात मिसळले आणि हजारो लोक आजारी पडले. ते पाण्यात फारसे विरघळत नाही, चरबीत साठते, आणि लहान माशाकडून मोठ्याकडे वाढत जाते. महाराष्ट्राने 2023 मध्ये राज्यमासा ठरवलेले पापलेट ज्या गावाची ओळख आहे, त्याने हे ऐकून ठेवावे.

भारताने 2016 च्या आदेशाने पीसीबीचे उत्पादन व आयात बंद केली आणि वापर थांबवायला 2025 अखेरची मुदत दिली. तरी भंगारातले जुने डबे फोडून तेल काढणारे हौशी विद्यार्थी असतातच. शुद्ध पीसीबी पाण्यात बुडते, खनिज तेल तरंगते, हे त्यांना कुणीतरी शिकवलेले असते. पण पीसीबी मिसळलेले खनिज तेलही तरंगतेच, आणि तो फरक प्रयोगशाळेतच कळतो.