यंत्र तपासेल, शुश्रूषा कोण करणार? आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपला समाज

छातीचा एक्स-रे संगणक वाचतो, दंडावर चिकटवलेली चकती शरीरातील साखर मोबाईलवर दाखवते, गावच्या आरोग्य केंद्रातून रुग्ण दूरच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलतो. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच एआय, आणि इंटरनेटला जोडलेली उपकरणे आता सरकारी दवाखान्यापर्यंत पोहोचू लागली आहेत. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय १९५६ पासून मराठवाड्यातील गोरगरिबांचा आधार आहे. तिथे रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला या तंत्राचा उपयोग काय, धोका काय आणि त्याने विचारायचे काय, याची ही माहिती.

एआय म्हणजे नेमके काय?

आपल्या नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयाला ज्या राजाचे नाव आहे, त्याला भिक्खू नागसेनांनी रथाचे उदाहरण दिले होते. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. हे सारे भाग एकत्र आले की त्याला रथ हे नाव मिळते. एआयचेही तसेच आहे. आत कोणी विचार करणारा बसलेला नाही. लाखो जुने एक्स-रे, अहवाल किंवा छायाचित्रे, त्यांतील आजार ओळखून डॉक्टरांनी केलेल्या नोंदी, आणि त्यांतून साम्य शोधणारे गणित, एवढ्यांच्या जुळणीला आपण ‘बुद्धिमत्ता’ म्हणतो. म्हणून ज्या माणसांच्या नोंदी त्यात गेल्याच नाहीत, त्यांच्याबाबत ते चुकण्याची शक्यता अधिक असते. हा एक मुद्दा लक्षात ठेवला तरी पुढचे बरेच काही समजते.

क्षयरोग : जिथे उपयोग स्पष्ट दिसतो

जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. दाट वस्ती, कोंदट घर, अपुरा आहार आणि धुळीतले काम, अशा ठिकाणी हा आजार अधिक पसरतो. एक्स-रे काढण्याची सोय तालुक्याला असली तरी तो वाचणारा तज्ज्ञ बहुधा नसतो. इथे एआय कामाला येते. संगणक एक्स-रे पाहून क्षयाची शक्यता आकड्यात सांगतो. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की रुग्णाची थुंकी तपासायला पाठवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या प्राथमिक तपासणीसाठी या पद्धतीची शिफारस केली. भारतात ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आणि एआय यांचा वापर झाला.

मात्र संगणकाचा आकडा म्हणजे निदान नव्हे. निदान थुंकीच्या तपासणीने पक्के होते. त्यासाठीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र गोव्याच्या कंपनीने विकसित केले आहे. त्यानंतर किमान सहा महिने औषध घ्यायचे असते आणि पोटभर खायचे असते. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारी मदत १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाली. आजार काही क्षणांत सापडला, पण औषधाचा पुरवठा खंडित झाला किंवा आहाराची रक्कम खात्यात आली नाही, तर त्या वेगाचा रुग्णाला काहीच फायदा नाही.

जोडलेली उपकरणे

जोडलेले उपकरण म्हणजे मोजमाप घेऊन ते आपोआप दुसरीकडे पाठवणारे यंत्र. त्यातली घरोघर उपयोगी पडू शकणारी काही अशी :

साखर मोजणारी चकती : ही दंडावर सुमारे दोन आठवडे राहते. ती थेट रक्तातील नव्हे, तर त्वचेखालच्या द्रवातील साखर मोजते. त्यामुळे तिचा आकडा काही मिनिटे मागे असू शकतो. चक्कर, घाम, थरथर जाणवत असेल आणि आकडा ठीक दिसत असेल, तर बोटाला सुई टोचून खात्री करावी.

डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र : मधुमेहाने दृष्टी जाण्याआधी पडद्यावर खुणा दिसतात. त्या ओळखणारी एआय प्रणाली गुगलने २०१६ मध्ये मांडली. तिला शिकवण्यासाठी भारतातील नेत्र रुग्णालयांतील छायाचित्रेही वापरली होती. पुढे थायलंडच्या दवाखान्यांत ती वापरताना सुमारे पाचातले एक छायाचित्र यंत्राने नाकारले, कारण खोलीतला प्रकाश योग्य नव्हता. शिवाय इंटरनेट मंद असल्याने रांगा लांबल्या. प्रयोगशाळेत हुशार ठरलेले यंत्र गर्दीच्या दवाखान्यात असे अडते.

गोळ्यांची आठवण : क्षयरोगाच्या औषधांसाठी भारतात ‘नाइन्टी-नाइन डॉट्स’ ही पद्धत वापरली गेली. गोळी पाकिटातून काढली की मागे लपलेला फोन क्रमांक दिसतो, त्यावर साध्या मोबाईलवरून मोफत कॉल करायचा. स्मार्टफोनची गरज नाही. तरीही कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेलीच असे नाही, आणि कॉल आला नाही म्हणजे रुग्णाने औषध सोडले असेही नाही. घरी जाऊन विचारपूस करणारी आशाताई त्यामुळेच लागते.

यंत्रालाही भेदभाव शिकवला जातो

यंत्राला जात-धर्म कळत नाही, म्हणून ते निष्पक्ष असते, असे अनेकांना वाटते. अमेरिकेतील एक अभ्यास याचे उत्तर देतो. तिथे कोणत्या रुग्णाला जादा देखभालीची गरज आहे, हे ठरवणारी एक संगणक प्रणाली मोठ्या प्रमाणावर वापरात होती. ती गरज मोजण्यासाठी रुग्णावर आधी झालेला खर्च पाहत होती. कृष्णवर्णीयांच्या उपचारांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने तेवढेच आजारी असूनही ते ‘कमी गरजू’ ठरले. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास आला. दोष दूर केला तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे त्यात दिसले. प्रणालीत वंश ही नोंदच नव्हती, तरी भेदभाव झाला.

कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिमीटरबाबतही असेच आढळले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ असा आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातील प्राणवायू ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. म्हणून श्वास लागत असेल, तर आकडा बरा दिसला तरी थांबू नये.

आता आपल्याकडे पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०१८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी होते. दिवसाची मजुरी बुडते म्हणून जी बाई दवाखान्यात गेलीच नाही, तिची नोंद कुठे असणार? नोंदींवर शिकलेल्या यंत्राला ती निरोगी दिसेल. तिचे दुखणे आधी समाजाने पाहिले नाही, पुढे संगणकही पाहणार नाही. आरोग्यसेवेतील एआयचा प्रश्न आपल्यासाठी सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे, तो यामुळे.

आपल्या शहराचा अनुभव

यंत्र आले म्हणजे उपचार आले, असे होत नाही, हे या शहराने पाहिले आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घाटीला केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर मिळाले. त्यांपैकी ११३ वापरासाठी काढले गेले. काही घाटीत राहिले, काही खासगी रुग्णालयांना आणि काही शेजारच्या जिल्ह्यांना दिले गेले. त्यांत दोष असल्याचा अहवाल रुग्णालयाने दिला. उरलेले ३७ उघडलेच गेले नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर हा विषय आला, तेव्हा यंत्रांत दोष नाही, ती नीट हाताळली गेली नाहीत, अशी बाजू केंद्राने मांडली. खंडपीठाने या भूमिकेवर नाराजी व्यक्त केली.

पुरवणारा म्हणतो वापरणारा चुकला, वापरणारा म्हणतो यंत्र चुकले, आणि मध्ये रुग्ण खाटेवर असतो. व्हेंटिलेटरमधला दोष निदान डोळ्यांना दिसतो. संगणकाने चुकून ‘आजार नाही’ म्हटले, तर ती चूक कोणाला कळणारही नाही. म्हणून यंत्र घेतानाच जबाबदार कोण हे कागदावर हवे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातील एआयसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही मानवी देखरेख, उत्तरदायित्व आणि रुग्णाची संमती यांवर भर आहे.

तुमची माहिती तुमचीच

आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यातील ‘आभा’ हा १४ अंकी आरोग्य क्रमांक काढणे ऐच्छिक आहे. फायदा असा की जुने अहवाल हरवत नाहीत. पण सिकलसेल, एचआयव्ही, क्षयरोग किंवा मानसिक आजाराची नोंद चुकीच्या हाती गेली, तर सोयरीक, नोकरी, भाड्याचे घर, सगळीकडे त्रास होऊ शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले आहे. मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगण्यापूर्वी तो कशासाठी आहे, हे विचारा.

रुग्णाने विचारायचे पाच प्रश्न

१. यंत्राचा निष्कर्ष कोणत्या डॉक्टरांनी पाहिला?
२. आजार निघाला तर पुढची तपासणी आणि औषध कुठे, किती खर्चात मिळेल?
३. आमच्या भागातल्या, आमच्यासारख्या रुग्णांवर हे यंत्र पारखले आहे का?
४. माझी माहिती कुठे राहणार, कोणाला दिली जाणार?
५. यंत्र चुकले तर दाद कोणाकडे मागायची?

विहारांनी काय करावे?

१४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपल्याकडे आरोग्य शिबिरे होतात. रक्तदाब, साखर तपासली जाते आणि संध्याकाळी मंडप उतरतो. यापुढे ज्यांचे आकडे वाढलेले निघाले, त्यांची संमती घेऊन यादी ठेवावी, महिन्याभराने त्यांच्याकडे जावे, गरज असेल त्याला घाटीपर्यंत सोबत करावी. मोबाईल हाताळता येणाऱ्या तरुणांनी ज्येष्ठांना ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलायला मदत करावी. हे काम फुकट होते आणि त्याला मोठे यंत्र लागत नाही.

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने ग्रासले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया घातला गेला आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. उपचार ही दया नसून हक्क आहे, ही दृष्टी त्यामागे होती. वाळूज आणि चिकलठाण्यातील कामगाराच्या ईएसआय कार्डामागे तो इतिहास आहे.

विनयपिटकातील महावग्गात पोटाच्या विकाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूची कथा येते. तो इतरांच्या कामाला येत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासोबत त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. तिथेच चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य ओळखणे, लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्राची किळस न बाळगणे आणि रुग्णाला धम्माने धीर देणे. पथ्य-अपथ्य ओळखायला एआय मदत करील, औषध तयार करायलाही यंत्र लागेल. उरलेले तीन गुण माणसाच्याच वाट्याला आहेत. ते असतील तरच पहिल्या दोन गुणांचा उपयोग रांगेतल्या शेवटच्या माणसाला होईल.