आजीच्या वहीतले दोन रकाने

भोपाळच्या मराठी घरांच्या आठवणींत गणेशोत्सव येतो, नाटकं येतात. आज किराण्याबद्दल लिहिते. घर बदललं हे बाईला आधी तिथेच कळतं.

१ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि भोपाळ राजधानी झाली. नव्या राज्याच्या नोकरीत आलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांना बिऱ्हाड हलवावं लागलं. आमचे आजोबा सचिवालयात कारकून. ते आधी आले, मागून आजी दोन मुलांना घेऊन इटारसीमार्गे आली. टी. टी. नगरात सरकारी क्वार्टर मिळालं.

पहिल्याच आठवड्यात आजीने यादी लिहून बाबांना दुकानात पाठवलं. ते तेव्हा दहा वर्षांचे. लिपी तीच देवनागरी, त्यामुळे दुकानदाराने यादी खडाखडा वाचली. पण मोहरी म्हणजे काय, ओवा म्हणजे काय, त्याला कळेना. भाजीवालीकडे तर 'सांबार' मागितला! आपल्या नागपूरकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात हो. नुसती 'भाजी' मागितली की ती पालक-मेथी पुढे करायची, कारण इकडे भाजी म्हणजे फक्त पालेभाजी. त्यातच नवे पैसे आले, आणि मग शेर जाऊन किलो आले. हिशेबही नवा शिकावा लागला.

आजीने एक वही केली. मधोमध रेघ. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे इथला. मोहरी – राई. ओवा – अजवाइन. तोंडली – कुंदरू. घोसाळी – गिलकी. वांगी – भटा. सांबार – हरा धनिया.

जेवणही बदलत गेलं. सिहोरचा शरबती गहू घरात आला, तशी ज्वारीची भाकरी रोजची होती ती आठवड्यातून एकदा झाली. पोह्यांवरची तर्री गेली, बडीशेप आणि शेव आली, सोबत जिलबी. नागपूरचे नातेवाईक म्हणायचे, "तुम्ही पुरते हिंदीवाले झालात." आजीला ते लागायचं. ती उत्तर द्यायची नाही.

एका गोष्टीवर मात्र ती अडून होती, ती म्हणजे काळा मसाला. तो नागपूरहूनच यायचा, येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतून. एका वर्षी कुणीच आलं नाही. डबा रिकामा झाला. आजी यादी घेऊन जुमेरातीत गेली. नागकेशर लगेच मिळालं, दगडफूल कुणालाच कळेना. शेवटी एका म्हाताऱ्या अत्ताराला तिने हातवारे करून सांगितलं : दगडावर वाढतं, काळपट, वाळल्या पानासारखं. तो हसला. "अरे बाई, छरीला!" युनानी औषधात वापरायचं म्हणून त्याच्याकडे डबा भरून होतं. नवाबी शहरातल्या हकिमी दुकानात आमच्या मसाल्याचं दगडफूल बसलेलं होतं, फक्त नाव वेगळं.

त्या दिवशी भोपाळात पहिल्यांदा मसाला भाजला गेला. आजोबा जेवताना म्हणाले, "चला, आता आपण इथलेच." आजी म्हणे त्यावर बराच वेळ गप्प होती.

ती गेल्यावर वही मला मिळाली. शेवटच्या पानांवर रेघच नाही. सरळ राई, अजवाइन, गिलकी. डाव्या रकान्याची तिला गरज उरली नव्हती.

माझी लेक सध्या जर्मनीत शिकते. मागच्या महिन्यात तिने तिच्या वाणसामानाच्या यादीचा फोटो पाठवला. मधोमध रेघ! आजीची वही तिने कधी पाहिलेली नाही. उजवीकडे जर्मन शब्द. आणि डावीकडे, 'आपला' शब्द म्हणून लिहिलं होतं : हरा धनिया.

मी बराच वेळ त्या फोटोकडे बघत बसले. वाईट वाटावं की बरं, ठरवता येईना.

तुमच्या घरी कोणते शब्द टिकले आणि कोणते बदलले? जरूर लिहा.