पडद्यावरची सुडोकू

ह्यांना जाऊन वर्ष झालं. परवा नातू ह्यांचा फोन घेऊन आला. "आजी, चांगला चालतोय गं, मी वापरू? फक्त स्क्रीन बदलावी लागेल." त्याने कोरा पांढरा पडदा उघडून दाखवला. त्यावर पुसट उजळ रेघा होत्या. नीट पाहिलं तर नऊ बाय नऊ चौकोन... सुडोकू!

आमची वर्सोव्याची बाल्कनी पश्चिमेकडे. दुपारनंतर ऊन थेट अंगावर येतं. हे तिथेच खुर्ची टाकून फोनवर सुडोकू सोडवायचे. उन्हात दिसावं म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला. एकेक कोडं तासभर चाले. चार वर्षं हा नेम चुकला नाही.

मी आधी ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. नातू हसला. "आजी, तो डाग नाहीये, बर्न-इन आहे." मग काय, इतिहासाच्या बाई वाचायला बसल्या!

हे दुखणं जुनं आहे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तेव्हाच्या टीव्हीत काचेला आतून फॉस्फरचा थर असे. त्यावर इलेक्ट्रॉन आदळले की उजेड पडे. एकाच जागी सतत आदळत राहिले की तिथला थर थके. घरच्या टीव्हीवर चित्रं हलती, म्हणून फारसं बिघडत नसे. संगणकावर मात्र अक्षरं तासन्‌तास एकाच जागी. डिसेंबर १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी 'सॉफ्टॉक' मासिकात एक छोटा प्रोग्राम छापला. तीन मिनिटं संगणकाला हात लागला नाही की पडदा काळा! स्क्रीन सेव्हर तिथून पुढचे. आमच्या शाळेत संगणक आला तेव्हा मुलं पडद्यावरचे उडते तारे बघत बसत. मला वाटे, शोभेसाठी असतील.

पुढे एलसीडी आले. त्यांत उजेड मागच्या दिव्याचा, ठिपके तो फक्त अडवतात किंवा सोडतात. त्यामुळे हे दुखणं लोक जवळजवळ विसरले. पण १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतल्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थाच्या पातळ थरातून उजेड काढून दाखवला होता. तेच आजचे ओएलईडी. यात प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र दिवा, आणि तो वापराने मंदावतो. निळा सर्वांत आधी. २०१७ साली आयफोन टेन आला तेव्हा, दीर्घ वापरानंतर असं होऊ शकतं, हे अ‍ॅपलनेच लिहून ठेवलं.

म्हणजे ह्यांच्या फोनवर काही उमटलेलं नाही. पांढऱ्या चौकोनांतले दिवे रोज जळून मंदावले. काळ्या रेघांखालचे विझलेलेच असत, ते ताजे राहिले. म्हणून रेघा उजळ दिसतात.

शिलालेख नि ताम्रपट शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. ते कोणीतरी मुद्दाम कोरलेले असतात. हा लेख नुसत्या बसण्याने तयार झाला.

सात बंगल्याच्या दुकानदारानेही सांगितलं, "मॅडम, हे जाणार नाही, डिस्प्लेच बदलावा लागेल." मी फोन परत घेऊन आले. नातवाला म्हटलं, तुला दुसरा घेऊ, हा राहू दे.

असो. तुम्हीही फोनवर कोडी सोडवत असाल, तर उजेड जरा कमी ठेवा. आणि हो, सावलीत बसा.