पहाऱ्यावर पाठ केलेले व्याकरण

इंग्रजी वाक्यरचनेचे प्राथमिक नियम आणि ब्रिटिश संसदेचे बंद दार यांचा परस्परांशी काय संबंध, हे सांगणारा हा धागा आहे. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

आरंभ व्याकरणापासूनच करू. 'वाघाने कोल्ह्याला मारले' आणि 'कोल्ह्याला वाघाने मारले' या दोन्ही वाक्यांत मरतो तो कोल्हाच. प्रत्यय शब्दाला चिकटलेला असल्यामुळे शब्द कोठेही बसवला तरी कर्ता आणि कर्म हरवत नाहीत. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजीही बव्हंशी अशीच होती. पुढे काही शतकांत तिचे विभक्तिप्रत्यय झिजले आणि त्यांचे काम शब्दांच्या क्रमाकडे आले: आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. जुन्या विभक्तीची खूण आज मुख्यतः 'ही' आणि 'हिम' यांसारख्या सर्वनामांत उरली आहे.

हा क्रम इंग्लंडातील प्रत्येक नांगऱ्याला बोलता-बोलता येत होता. त्याला शिकवायला ग्रंथ लागत नव्हता. मात्र 'व्याकरण' म्हणून ज्याला मान होता ते शतकानुशतके लॅटिनचे व्याकरण होते. इंग्रजीला स्वतःचे नियम घालून देणाऱ्या ग्रंथांपैकी सर्वांत वजनदार ठरला तो रॉबर्ट लाउथ यांचा, १७६२ सालचा. लाउथ पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांच्या तळटिपांत शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्याही चुका दाखवलेल्या आहेत. जिथे शेक्सपिअरची सुटका नाही, तिथे नांगऱ्याची काय कथा!

१७८४ मध्ये सरे परगण्यातील फार्नमचा एक शेतकरीपुत्र सैन्यात भरती झाला. नाव विल्यम कॉबेट. पगार दिवसाला सहा पेन्स. अक्षर चांगले म्हणून चॅटमच्या छावणीत त्याला नकला उतरवण्याचे काम मिळाले आणि वरिष्ठांनी व्याकरण शिकण्याचा सल्ला दिला. त्याने लाउथचे पुस्तक मिळवले, ते हाताने उतरवून काढले, पाठ केले, आणि पहाऱ्यावर उभा असताना ते मनातल्या मनात म्हणू लागला. बिछान्याची कड हे आसन, मांडीवरची फळी हे मेज. हिवाळ्यात दिवा परवडत नसे; शेकोटीचा उजेड, तोही आपली पाळी येईल तेव्हा. लेखणी-कागदासाठी पोटाला चिमटा घ्यावा लागे. एकदा सकाळी हेरिंग मासा घ्यायचा म्हणून राखून ठेवलेला अर्धा पेनी रात्री हरवलेला आढळला, तेव्हा पांघरुणात डोके खुपसून आपण लहान मुलासारखे रडलो, असे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

इतका आटापिटा कशासाठी? त्या काळच्या इंग्लंडात मताधिकार मूठभरांना होता. इतरांना संसदेपर्यंत पोचण्याची एकच वाट होती, अर्जाची. आणि अर्ज फेटाळण्याचे एक सोयीचे कारण त्याची भाषा हे असे. १७९३ मध्ये शेफिल्डच्या कारागिरांचा मताधिकाराचा अर्ज भाषा आदरयुक्त नाही म्हणून स्वीकारला गेला नाही. मागणी काय आहे, या प्रश्नापर्यंत गोष्ट जाऊच दिली नाही.

१८१७ मध्ये सरकारने हेबिअस कॉर्पसचा कायदा स्थगित केला. तोपर्यंत कॉबेट इंग्लंडातील सर्वाधिक वाचला जाणारा पत्रकार झाला होता आणि सैनिकांना फटके मारण्याविरुद्ध लिहिल्याबद्दल न्यूगेटच्या तुरुंगात दोन वर्षे काढून आला होता. पुन्हा अटक ओढवू नये म्हणून तो अमेरिकेला निघून गेला. तेथे, लाँग आयलंडवरच्या शेतात, त्याने आपला मुलगा जेम्स याला पत्रे लिहिल्याच्या रूपात इंग्रजी व्याकरण लिहिले. १८१८ मध्ये ते न्यूयॉर्कला छापले गेले. कोणासाठी, तेही मुखपृष्ठावरच नोंदवले होते: विद्यार्थी तर खरेच, पण विशेषेकरून सैनिक, खलाशी, शिकाऊ कारागीर आणि नांगर धरणारी पोरे.

पुस्तकाचा विषय रूक्ष, पण उदाहरणे मात्र दारूगोळा. समूहवाचक नामे समजावताना त्याने पार्लमेंट, कॉमन्स सभागृह, जमाव आणि चोरांचा अड्डा यांना एकाच पंक्तीत बसवले! 'इट' हे सर्वनाम लिहिण्यापूर्वी ते नेमके कशाकडे बोट दाखवते याचा विचार कर, अशी ताकीद तो मुलाला देतो. कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी, अशी गफलत का होते हेही तो दाखवतो: मध्ये एखादे अनेकवचनी नाम आले की लिहिणारा जवळच्या शब्दाला भुलतो आणि खरा कर्ता विसरतो.

कॉबेटला येथे क्रांतिकारक म्हणावे का, याविषयी मला शंका आहे. नियम त्याने बदलले नाहीत. लाउथचाच कडकपणा पुष्कळसा त्याच्यातही आहे. बोलीभाषेच्या बाजूने तो उभा राहत नाही. त्याचा हिशेब निराळा होता: तुमच्या अर्जात चूक सापडू नये, आणि त्यांच्या भाषणातली चूक तुम्हाला सापडावी.

हा दुसरा भाग त्याने मनावर घेतला. १८२३ च्या आवृत्तीत त्याने सहा पाठ वाढवले, ते मुत्सद्द्यांना अशुद्ध लिहिण्यापासून परावृत्त करण्यासाठी. त्यांत राजाच्या भाषणाची आणि कॅसलरे, वेलिंग्टन यांच्या लेखनाची वाक्यावाक्याने चिरफाड आहे. वॉटर्लूच्या विजेत्याची वाक्ये तपासत होता एके काळी सहा पेन्स रोजावर पहारा देणारा शिपाई.

१८३२ च्या सुधारणा कायद्यानंतरच्या निवडणुकीत कॉबेट ओल्डहॅममधून निवडून आला आणि ज्या सभागृहाची गणना त्याने चोरांच्या अड्ड्याशेजारी केली होती, त्यात वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी जाऊन बसला.