सिंगलटन आकृतिबंध : एकमेवतेची कल्पना आणि तिची मर्यादा

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखरा गावी जमीन खरेदीने वा वारसाने दुसऱ्याच्या नावे झाली, की तिची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. गावाची नोंदवही एकच व अनुक्रमांक सलग. संगणकीय आज्ञावलीत अशी एकमेवता आणण्याचा प्रयत्न म्हणजे सिंगलटन आकृतिबंध होय.

आकृतिबंधाची कल्पना मूळची वास्तुशास्त्रातील. ख्रिस्तोफर अलेक्झांडर व सहकाऱ्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८७ मध्ये केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती संगणकक्षेत्रात आणली. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांनी २३ आकृतिबंध ग्रंथबद्ध केले. सिंगलटन त्यांपैकीच एक. त्याची रीत सोपी आहे. क्लासचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवावयाचा, एकदा निर्माण झालेला ऑब्जेक्ट स्टॅटिक चलात जपावयाचा आणि मागेल त्यास तोच द्यावयाचा. पीएचपी ४ मध्ये प्रायव्हेटची सोयच नव्हती. २००४ च्या पीएचपी ५ ने ती दिली. पुढे डेटाबेसच्या जोडणीसाठी सिंगलटन वापरण्याचा प्रघात पडला. तो रास्तही होता, कारण एका पानासाठी पाचदा जोडणी उघडणे हा निव्वळ अपव्ययच.

घोटाळा झाला तो ‘एकमेव’ या शब्दाच्या अर्थाबाबत. पीएचपीच्या रूढ व्यवस्थेत प्रत्येक विनंतीसाठी आज्ञावली नव्याने चालते आणि उत्तर जाताच ऑब्जेक्ट नष्ट होतो. समजा, साखऱ्याचे दोन फेरफार अर्ज एकाच क्षणी दाखल झाले आणि पुढील क्रमांक देण्याचे काम सिंगलटनवर सोपविले. ऑब्जेक्ट दोन होतील, दोघांनाही शेवटचा क्रमांक तोच दिसेल आणि दोन जमिनींच्या व्यवहारांस एकच क्रमांक मिळेल. जावाच्या सर्व्हरवर ऑब्जेक्ट टिकतो खरा; पण दोन थ्रेड एकदमच आले तर, कुलूपबंदी नसल्यास, तेथेही दोन निर्माण होऊ शकतात. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा हा प्रश्न केवळ ग्रंथगत राहिला नाही. क्रमांकाची एकमेवता डेटाबेसमधील युनिक की व ट्रान्झॅक्शन यांनीच राखावी लागते.

२००९ मधील एका मुलाखतीत खुद्द गामा यांनी सिंगलटन यादीतून वगळण्यास अनुकूलता दर्शविली. पुढे सिम्फनी २ व लाराव्हेल या २०११ मधील चौकटींनी ऑब्जेक्ट एकच ठेवण्याची जबाबदारी क्लासकडून काढून कंटेनरकडे दिली. क्लासचा कन्स्ट्रक्टर पुन्हा खुला झाला आणि चाचणीच्या वेळी खऱ्या जोडणीऐवजी नकली जोडणी देणे सुकर झाले.