जुन्या अॅम्प्लिफायरची पारख

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झाला. तोवर अॅम्प्लिफायरमधल्या व्हॉल्व्हचा जमाना सरत आला होता. मुंबईची कॉस्मिक, कोलकात्याची १९७० साली सुरू झालेली सोनोडाइन अशा कंपन्यांचे ट्रान्झिस्टर स्टिरिओ बाजारात आले होते. जिल्ह्यातल्या अंबडच्या दत्तजयंती महोत्सवात गाणं समोर बसून ऐकणाऱ्या या मुलखात घरच्या यंत्राचीही चिकित्सा व्हायचीच.

व्हॉल्व्हचा आवाज उबदार, ट्रान्झिस्टरचा कोरडा, हे मत तेव्हापासूनचं.

इंग्लंडमध्ये ध्वनितज्ज्ञ जेम्स मॉयर यांनी ते तपासून पाहिलं. १९५३चा व्हॉल्व्हवाला क्वाड २, तसंच क्वाडचेच ट्रान्झिस्टरवर चालणारे ३०३ आणि ४०५, असे तीन अॅम्प्लिफायर जाणकारांना न दाखवता ऐकवले. १९७८ साली निकाल छापून आला: फरक कुणालाच खात्रीनं ओळखता आला नव्हता! तिन्ही यंत्रं उत्तम बांधणीची होती, हे मात्र विसरू नये.

घरी तुलना करताना स्पीकर तेच ठेवून दोन्ही अॅम्प्लिफायरच्या आवाजाची पातळी मीटरनं मोजून सारखी करावी लागते, कारण किंचित मोठा आवाज कानाला सरस वाटतो. चाळीस वर्षांत सुकलेले कपॅसिटरही आधी बदलून घ्यायला हवेत.