महाविद्यालयीन फाइलींची सुरक्षित साठवण : एक ऐतिहासिक आढावा

प्राध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी यांच्या फाइली एकत्र ठेवूनही परस्परांपासून सुरक्षित कशा राखाव्यात, हा प्रश्न संगणकाच्या सामायिक वापराइतकाच जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली सीटीएसएस ही प्रणाली १९६१ मध्ये प्रथम दाखविण्यात आली. तीत अनेकजण एकच संगणक वापरीत. प्रत्येकाच्या फाइली खाजगी राहाव्यात म्हणून पासवर्डची योजना करण्यात आली. परंतु १९६२ मध्ये संगणकावर अधिक वेळ मिळावा यासाठी एका संशोधक विद्यार्थ्याने सर्वांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. पासवर्ड असूनही त्यांची यादी असुरक्षित होती, हे यातून दिसते.

१९८० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या सहकार्याने अँड्र्यू फाइल प्रणाली विकसित केली. तीत फाइली मध्यवर्ती सर्व्हरवर राहत आणि कोणी वाचावे, कोणी बदल करावा, हे प्रत्येक फोल्डरपुरते ठरविता येई.

पुढे साठवण बाह्य कंपन्यांकडे गेली. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागा बंद करून प्रत्येक संस्थेस १०० टेराबाइटची मूळ मर्यादा घालण्याचे गूगलने २०२१ मध्ये जाहीर केले. त्यामुळे साठवणीच्या अटी संस्थेच्या हाती नसतात, हे स्पष्ट झाले.

सारांश, साठवणीचा पर्याय निवडताना जागा व खर्च यांच्याआधी तीन बाबी तपासणे इष्ट ठरते : प्रवेशाचा अधिकार कोण देतो, पासवर्ड कसे जपले जातात आणि अटी बदलल्यास दुसरी प्रत कोठे आहे.